रनरचे पॉड येतात, लगेच मरतात आणि जॉब रांगेतच: एआरसीचं परत परत येणारं दुखणं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. गिटहब अ‍ॅक्शन्सचा जॉब (आपोआप होणारं बिल्ड किंवा टेस्टचं काम) रनरची, म्हणजे तो जॉब चालवणाऱ्या प्रोग्रामची, वाट बघत रांगेत पडलेला, क्यूबरनेटीसच्या क्लस्टरमध्ये डोकावलं तर रनरचे पॉड (रनर ज्यात चालतो ते कंटेनर) येतायत, थोड्या सेकंदांत गायब होतायत, परत येतायत, आणि मग काही वेळानं येणंच बंद. हे रनर उभे करणाऱ्या कंट्रोलरचा पॉड मात्र मस्त रनिंग, रीस्टार्ट शून्य. चॅटवर "बिल्ड अडकलंय का?" सुरू झालेलं. मग कोणीतरी कंट्रोलर रीस्टार्ट करतं, काही होत नाही, मग दुसरं कोणीतरी इमेजचा टॅग बदलतं, तिसरं कोणीतरी रनर सेट काढून परत लावतं, आणि या सगळ्या गडबडीत गाडी चालू होते. नेमकं कशानं चालू झाली ते कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून काही आठवड्यांनी परत तोच खेळ.

हे सगळं अ‍ॅक्शन्स रनर कंट्रोलर म्हणजे एआरसी (मागणीप्रमाणे क्यूबरनेटीसमध्ये रनर उभे करणारं साधन), त्याच्या नव्या पद्धतीबद्दल आहे, ज्यात ऑटोस्केलिंग रनर सेट (थोडक्यात रनर सेट किंवा स्केल सेट) नावाचं रिसोर्स असतं. तुमच्याकडे रनर डिप्लॉयमेंट आणि हॉरिझॉन्टल रनर ऑटोस्केलर दिसत असेल तर तुम्ही अजून जुन्या समरविंडवाल्या पद्धतीवर आहात, तिथे वेबहुक, सर्ट-मॅनेजर वगैरे वेगळीच भानगड असते, खालचं फारसं लागू पडणार नाही. आणि मी जे सांगतोय ते ०.९ च्या मालिकेवर बघितलेलं आहे, पुढच्या आवृत्त्यांत थोडंफार वागणं बदललंय, तेव्हा आपल्या आवृत्तीच्या रिलीज नोट्स एकदा चाळा.

माझं म्हणणं एकच: कंट्रोलर रीस्टार्ट करू नका. निदान सगळ्यात आधी तरी नको. का, ते साखळी समजली की कळेल.

जॉब येतो तेव्हा गिटहब आपल्या क्लस्टरला फोन करत नाही. आपल्याकडचा लिसनर नावाचा एक छोटा पॉड गिटहबच्या सर्व्हिसकडे लाँग पोल लावून, म्हणजे विचारून उत्तराची वाट बघत, बसलेला असतो. म्हणून तर आत येणारं पोर्ट उघडावं लागत नाही, बाहेर जाणारं एचटीटीपीएस पुरतं. त्याला मेसेज येतो की या स्केल सेटला एवढे जॉब लागलेत. तो हिशोब करतो: किमान रनर अधिक लागलेले जॉब, पण कमाल रनरच्या वर नाही. हा आकडा तो एफेमरल रनर सेटच्या (एकेका जॉबपुरत्या रनरांच्या गटाच्या) रेप्लिकामध्ये, म्हणजे हव्या असलेल्या संख्येत, लिहितो आणि त्याचं काम संपलं. पुढे कंट्रोलर तेवढे एफेमरल रनर बनवतो, प्रत्येकासाठी गिटहबकडून जिट (जस्ट-इन-टाइम) कॉन्फिग, म्हणजे त्या एका रनरपुरती नोंदणी, आणतो, ते सीक्रेटमध्ये टाकतो आणि मग पॉड उभा करतो. पॉड एक जॉब करतो आणि जातो. म्हणजे जॉब, लिसनर, रनर सेट, एफेमरल रनर, पॉड. या पाच कड्यांपैकी कुठली तुटली ते आधी शोधायचं, औषध नंतर.

लिसनर बघायला वेळ लागत नाही, म्हणून तिथून सुरुवात. तो रनरच्या नेमस्पेसमध्ये (क्लस्टरमधल्या कप्प्यात) नसतो, कंट्रोलरच्या नेमस्पेसमध्ये असतो, यात नवीन लोक हमखास फसतात. पॉडच नसेल तर कंट्रोलरचा लॉग बघा, बहुतेक गिटहब अ‍ॅपची की चुकलेली असते नाहीतर पर्सनल टोकनची मुदत संपलेली असते. पॉड आहे पण सारखा मरून नवीन येतोय आणि लॉगमध्ये ४०९ आणि "या स्केल सेटचं सेशन आधीच चालू आहे" अशा अर्थाचं काही असेल, तर दोन शक्यता. एक, लिसनर ज्या नोडवर (क्लस्टरमधल्या मशिनवर) होता तो नोड झटक्यात गेला आणि जुनं सेशन बंद करायची संधीच मिळाली नाही. हे आपोआप सुटतं, लिसनर थांबून थांबून परत प्रयत्न करतो, थोडा धीर धरा. दुसरी, जी बेकार आहे: कोणीतरी दुसऱ्या क्लस्टरमध्ये त्याच नावाचा स्केल सेट त्याच रनर ग्रुपमध्ये लावलाय आणि दोन्ही लिसनर एकाच सेशनसाठी भांडतायत. स्टेजिंगची व्हॅल्यूज फाइल (हेल्म या क्यूबरनेटीसच्या इन्स्टॉलरला द्यायची सेटिंग) कॉपी करून प्रॉडक्शनला लावली की हे होतं. एकतर नाव बदला, नाहीतर दोन क्लस्टरला दोन वेगळे रनर ग्रुप द्या.

लिसनरच्या बाबतीत आणखी एक, तो स्पॉट नोडवर (क्लाउड कधीही परत घेऊ शकतो अशा स्वस्त मशिनवर) ठेवू नका. व्हॅल्यूजमध्ये लिसनर टेम्प्लेट आहे, त्यात नोड सिलेक्टर लावून त्याला एखाद्या स्थिर नोडवर बसवा. एवढुसा पॉड आहे, त्यात पैसे वाचवून काय मिळणार.

लिसनर व्यवस्थित असेल, लॉगमध्ये जॉब मोजलेले दिसत असतील आणि रेप्लिकाचा आकडाही बरोबर लिहिला जात असेल, तर दोष खाली आहे. आता खरा विषय.

रनरच्या नेमस्पेसमध्ये कुबसीटीएल गेट एफेमरलरनर्स मारा. पॉड नव्हे, एफेमरल रनर. लोक पॉडची यादी बघतात, तिथे काही दिसत नाही, आणि गोंधळतात. एफेमरल रनरच्या यादीत स्टेटसच्या रकान्यात फेल्ड लिहिलेले सापडले की समजायचं, हेच दुखणं. त्यातल्या एकाचं डिस्क्राइब करा, कारणामध्ये टू मेनी पॉड फेल्युअर्स आणि खाली "पॉड पाचपेक्षा जास्त वेळा सुरू होता होता फेल झाला" अशा अर्थाची ओळ दिसेल.

काय होतं ते बघा. एका एफेमरल रनरचा पॉड मेला तर कंट्रोलर त्याच रनरसाठी नवा पॉड बनवतो आणि स्टेटसमध्ये एक फेल्युअर लिहून ठेवतो. पाचाच्या पुढे गेलं की कंट्रोलर हात वर करतो, त्या एफेमरल रनरला फेल्ड म्हणून शिक्का मारतो आणि सोडून देतो. सोडून देतो म्हणजे खरंच सोडून देतो, पुसत नाही. आणि एफेमरल रनर सेट जेव्हा मोजतो की माझ्याकडे किती रनर आहेत, तेव्हा पेंडिंग, रनिंग यांच्याबरोबर हे फेल्डसुद्धा धरतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली असावी आणि माणूस गाडीत चढलेलाच नसावा, तशी गत. कमाल रनर दहा आणि त्यातले चार फेल्ड, तर तुमच्याकडे खरे सहाच. दहाही फेल्ड झाले तर पॉड येणं पूर्ण बंद, आणि कंट्रोलरच्या मते सगळं ठीक, हवे होते दहा, आहेत दहा.

जॉब संपून मागणी शून्यावर आली तरी हे जात नाहीत, कारण खाली आणताना कंट्रोलर मोकळे बसलेले पेंडिंग आणि रनिंग रनर काढतो, फेल्डला हात लावत नाही. त्यामुळे हे दुखणं कधी एकदम येतं तर कधी हळूहळू. हळूहळूवालं जास्त त्रासदायक. आज एक फेल्ड, पुढच्या आठवड्यात दोन, कोणाच्या लक्षातही येत नाही, फक्त "हल्ली सीआय (आपोआप बिल्ड-टेस्टची यंत्रणा) स्लो झालंय" असं लोक म्हणायला लागतात आणि चर्चा कॅशकडे वळते, नाहीतर टेस्टच्या नावानं बोटं मोडली जातात.

आता कंट्रोलर रीस्टार्ट का नको ते सांगतो. फेल्ड हा शिक्का एफेमरल रनरच्या स्टेटसमध्ये आहे, म्हणजे एटसीडीमध्ये, क्यूबरनेटीसच्या डेटाबेसमध्ये. कंट्रोलर मारून परत आणलात तर तो आल्यावर तेच वाचणार. फायदा शून्य. तोटा असा की कंट्रोलरचा जो लॉग तुम्हाला पॉड का मेले ते सांगणार होता, तो लॉग बाहेर कुठे साठवत नसाल तर हातातून जातो. रनरचे पॉड तर आधीच पुसले गेलेत, त्यांचे लॉग गेले, क्यूबरनेटीसचे इव्हेंट डीफॉल्टला तासाभरानं जातात. मग उरतं काय, अंदाज.

तर मूळ कारण. फेल्ड व्हायची कारणं बरीच असू शकतात, पण ज्याला ठराविक अंतरानं हा त्रास होतो त्याचं कारण बहुतेक वेळा रनरची आवृत्ती असते. गिटहबचा नियम असा आहे की रनर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की ३० दिवसांत ती घ्यायची, मेजर असो, मायनर असो की पॅच, नाहीतर सर्व्हिस त्या रनरला जॉब देणार नाही. गंभीर सिक्युरिटी अपडेट असेल तर ३० दिवसांचीही वाट बघत नाहीत. साध्या व्हीएमवर बसवलेला रनर स्वतःला अपडेट करून घेतो म्हणून हे कधी जाणवत नाही. एआरसीमध्ये रनर कंटेनर इमेजमध्ये आहे, इथे स्वतःहून अपडेट होणं बंद असतं, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी अधिकृत इमेजवर आपली टूल्स चढवून स्वतःची इमेज बनवलेली असते, डॉकरफाइलच्या पहिल्या ओळीत एक आवृत्ती पक्की केलेली. पक्की करणं चांगलंच आहे हो, पण मग ती हलवायची जबाबदारी कोणाची? कोणाचीच नाही. म्हणून दर काही आठवड्यांनी, तुम्ही काहीही बदललेलं नसताना, सीआय आडवं होतं. "आपण तर काही डिप्लॉयच केलं नाही" हे वाक्य ऐकलं की मी आता सरळ रनरची आवृत्तीच बघतो.

खात्री करायला पॉड जिवंत असताना त्याचा लॉग पकडावा लागतो, आणि तो तर सेकंदांत जातो. स्टर्न (अनेक पॉडचे लॉग एकत्र दाखवणारं टूल) असेल तर रनरच्या नेमस्पेसवर लावून ठेवा, ॲक्शन्स डॉट गिटहब डॉट कॉमच्या स्केल-सेट-नेम लेबलवर फिल्टर करून, आणि मग एक जॉब सोडा. लॉगमध्ये "रनरची ही आवृत्ती डेप्रिकेटेड आहे, मेसेज मिळणार नाहीत" अशी ओळ आली की विषय मिटला. लॉग नाहीच सापडला तर दुसरा मार्ग, तीच इमेज एका साध्या पॉडमध्ये शेल घेऊन चालवा, बिन फोल्डरमधल्या रनर डॉट लिसनरला आवृत्ती विचारा, आणि गिटहबच्या रनर रेपोच्या रिलीजच्या यादीशी ताडून बघा. त्यानंतरची आवृत्ती येऊन महिना उलटला असेल तर संशय पुरेसा आहे.

यात एक चकवा आहे. अशा वेळी कंटेनरचा एक्झिट कोड शून्य असू शकतो. आतली रनर प्रोसेस चूक देऊन थांबते, पण बाहेरची गुंडाळणारी शेल स्क्रिप्ट म्हणते "परत प्रयत्न करण्यात अर्थ नाही" आणि शून्य देऊन शांतपणे बाहेर पडते. कंट्रोलर मात्र त्या शून्यावर विश्वास ठेवत नाही, गिटहबला विचारतो की हा रनर अजून नोंदलेला आहे का, आणि असेल तर जॉब झालाच नाही असं समजून फेल्युअर मोजतो. म्हणून क्रॅशलूपवर अलर्ट लावलाय आणि तो वाजलाच नाही, याचं नवल वाटून घेऊ नका.

आवृत्ती ठीक असेल तर बाकीच्या संशयितांवर या. नोडवरची डिस्क भरून पॉड इव्हिक्ट होणं हा दुसरा मोठा. डॉकर-इन-डॉकर (पॉडच्या आतच वेगळा डॉकर) वापरत असाल तर बिल्डचे सगळे लेयर नोडच्याच डिस्कवर जातात, मोठ्या मोनोरेपोची इमेज एकाच वेळी चार पॉडमध्ये बिल्ड झाली की क्यूबलेट (नोडवरचा क्यूबरनेटीसचा एजंट) एकेकाला बाहेर काढतो, आणि प्रत्येक इव्हिक्शन त्या एफेमरल रनरच्या खात्यावर फेल्युअर म्हणून चढतं. हेच हळूहळूवालं रूप. एफेमरल स्टोरेजची रिक्वेस्ट लिहा, म्हणजे शेड्युलर एका नोडवर गर्दी करणार नाही.

तिसरं, टेम्प्लेट स्वतः लिहिलेलं असेल तर कंटेनरचं नाव रनर हेच आहे का आणि कमांडमध्ये रन डॉट एसएच दिलंय का ते बघा. कमांड विसरली तर कंटेनर उठतो आणि काही न करता बंद होतो, दिसायला अगदी वरच्यासारखंच. फरक एवढाच की हे पहिल्या दिवसापासून होतं, काही आठवड्यांनी नाही. किव्हर्नोसारखी पॉलिसी पॉड बनूच देत नसेल तर ते कंट्रोलरच्या लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं, त्याला फार शोधावं लागत नाही.

आता दुरुस्ती, आणि इथे क्रम महत्त्वाचा. आधी कारण काढा, मग फेल्ड साफ करा. उलटं केलंत तर नवीन एफेमरल रनर येतील आणि काही मिनिटांत तेही फेल्ड होतील. इमेज नव्या आवृत्तीवर बांधा, व्हॅल्यूजमध्ये टॅग बदला, हेल्म अपग्रेड करा. टेम्प्लेट बदललं की कंट्रोलर नवा एफेमरल रनर सेट बनवतो. चालू जॉब असताना हे करणार असाल तर कंट्रोलरच्या अपडेट स्ट्रॅटेजीचा फ्लॅग बघून घ्या, इमिजिएट असेल तर जुने रनर काम करत असतानाच नवे येतात, म्हणजे काही काळ कमालपेक्षा जास्त पॉड दिसू शकतात आणि नोडवर ताण येतो. इव्हेंच्युअल असेल तर चालू जॉब संपेपर्यंत थांबतो. आम्ही इव्हेंच्युअलच ठेवतो, उशीर परवडला.

नंतर फेल्ड राहिलेच असतील तर ते एफेमरल रनर डिलीट करा. फील्ड सिलेक्टरनं स्टेटसवर फिल्टर करता येत नाही, कस्टम रिसोर्सला ते तसं चालत नाही, म्हणून जेसन आउटपुट घेऊन जेक्यूनं फेज फेल्ड असलेल्यांची नावं काढा आणि तेवढीच डिलीटला द्या. घाईत सगळेच एफेमरल रनर उडवू नका, त्यात कोणाचं तरी पाऊण तास चाललेलं रिलीज असतं. आणि डिलीट अडकलं तर फायनलायझर (साफसफाई होईपर्यंत डिलीट रोखून धरणारी खूण) हातानं काढायचा मोह आवरा, तो फायनलायझरच गिटहबकडची नोंद पुसायचं काम करतो, तो उपटला की तिकडे ऑफलाइन रनरांचा कचरा साचतो. अडकलंय म्हणजे कंट्रोलर चालू नाही किंवा त्याला गिटहब गाठता येत नाही, ते बघा.

फायनलायझर हातानं काढायची वेळ एकदाच येते, कोणीतरी रनर सेटच्या आधी कंट्रोलरच अनइन्स्टॉल केला तर. मग नेमस्पेस टर्मिनेटिंगमध्ये अडकून बसतं, कारण पुसणाराच गेला. तेव्हाही आधी कंट्रोलर परत लावून बघा, बहुतेक वेळा तोच सगळं आवरतो. रोल, रोल बाइंडिंग, सीक्रेट यांवरही क्लीनअप-प्रोटेक्शनचा फायनलायझर असतो, तेही शोधा, नाहीतर नेमस्पेस का जात नाही म्हणून डोकं धरून बसाल.

परत येऊ नये म्हणून काय. रिनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट (नवी आवृत्ती आली की बदलाची पुल रिक्वेस्ट टाकणारे बॉट) रनर इमेजच्या डॉकरफाइलवर लावा आणि ती पुल रिक्वेस्ट आपोआप मर्ज होऊ द्या, माणसाच्या अप्रूव्हलवर ठेवलीत तर ती महिनाभर तशीच पडेल. लेटेस्ट टॅग लावून मोकळं होऊ असं वाटत असेल तर थांबा, बऱ्याच कंपन्यांत मधे इमेजचा मिरर असतो आणि तो जुनंच लेटेस्ट कॅशमधून देत राहतो, तुम्हाला वाटतं नवीन आहे. आठवड्याला एकदा इमेज नव्यानं बांधून तारखेचा टॅग देणं मला जास्त भरवशाचं वाटतं. आणि हो, ही इमेज बांधणारा जॉब त्याच रनरवर चालवू नका. रनर झोपले की रनर उठवणारी इमेजही बांधता येणार नाही. तो एक जॉब गिटहबच्या होस्टेड रनरवर राहू द्या.

मेट्रिक्स डीफॉल्टला बंद असतात, कंट्रोलरच्या व्हॅल्यूजमध्ये चालू करावे लागतात. चालू केलेत की कंट्रोलर फेल्ड एफेमरल रनरचा आणि चालू लिसनरचा आकडा देतो. फेल्ड शून्याच्या वर दहा मिनिटं राहिला तर अलर्ट, चालू लिसनर स्केल सेटच्या संख्येपेक्षा कमी असले तर अलर्ट. या दोनांनी बहुतेक रात्री वाचतात. जॉब सुरू व्हायला किती वेळ लागला याचा हिस्टोग्रामही लिसनर देतो, कामाचा आहे पण लेबलं इतकी असतात की प्रोमिथियसची (मेट्रिक्स साठवणाऱ्या टूलची) मेमरी खातो, नको ती लेबलं गाळून घ्या.

कंट्रोलरचं अपग्रेड हा वेगळा विषय, पण एक गोष्ट सांगून ठेवतो कारण ती बघून लोक घाबरतात. कंट्रोलर आणि रनर सेटच्या चार्टची (हेल्म पॅकेजची) आवृत्ती जुळत नसेल तर कंट्रोलर त्या ऑटोस्केलिंग रनर सेटला थेट डिलीट करतो. बग नाही, मुद्दाम तसं आहे. आर्गो सीडी (गिटमध्ये लिहिलंय तसंच क्लस्टर ठेवणारं टूल) असेल तर मज्जाच, हा पुसतो, तो परत लावतो, हा परत पुसतो. दोन्ही चार्टची आवृत्ती एकाच ठिकाणी लिहा. आणि हेल्म सीआरडी (कस्टम रिसोर्सची व्याख्या) अपग्रेड करत नाही, म्हणून सीआरडी बदललेली असेल तर आधी रनर सेट काढा, सगळं साफ होऊ द्या, मग कंट्रोलर, मग सीआरडी, आणि नंतर उलट्या क्रमानं लावा.

शेवटी, दोन गोष्टी या दुखण्यासारख्या दिसतात पण ते हे नव्हे. पॉड इमेजपुलबॅकऑफमध्ये लटकलेला असेल तर एफेमरल रनर फेल्ड होत नाही, पेंडिंगमध्येच राहतो आणि जॉब रांगेत २४ तास राहून मग रद्द होतो. डॉकर-इन-डॉकरची इमेज डॉकर हबवरून येते आणि सगळे नवे नोड एकाच नॅटमागून ती ओढतात, बिनलॉगिनची मर्यादा आयपीमागे असल्यानं सकाळी सगळे एकदम पुश करतात तेव्हा ४२९ (फार मागण्या झाल्या म्हणून नकार) येतो. आपल्या रजिस्ट्रीत ती इमेज ठेवा. दुसरं, जॉब सुरू होऊन मधेच "रनरचा सर्व्हरशी संपर्क तुटला" म्हणत मेला तर आवृत्तीच्या मागे लागू नका. नोड खालून काढून घेतलाय किंवा मेमरी संपलीये. क्लस्टर ऑटोस्केलर असेल तर पॉडवर सेफ-टू-इव्हिक्ट फॉल्स, कार्पेंटर असेल तर डू-नॉट-डिसरप्ट ट्रू, ही ॲनोटेशन रनरच्या टेम्प्लेटमध्ये टाका. स्पॉट नोड क्लाउडनंच परत घेतला तर मात्र ही ॲनोटेशन काही करू शकत नाहीत, लांब चालणाऱ्या जॉबसाठी वेगळा स्केल सेट ऑन-डिमांड नोडवर लावा.